डोंगरवाटांवरचा पाऊस आणि मुलांची वस्त्रे

बंगळुरू शहरातून सुटीच्या दिवशी पहाटे निघून जवळपासच्या एखाद्या डोंगरावर जाण्याची प्रथा गेल्या काही दशकांत चांगलीच रुजली आहे. नंदी हिल्स, स्कंदगिरी, सावनदुर्ग, रामनगरचे खडक ही ठिकाणे शहरापासून दोन-अडीच तासांच्या आत येतात. याखेरीज मुक्कामाच्या तयारीने चिक्कमगळूरु, कोडगू आणि कुद्रेमुखच्या डोंगररांगांकडे जाणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. नोकरीनिमित्त पुणे, नाशिक, कोल्हापूर येथून या शहरात आलेल्या मराठी कुटुंबांना सह्याद्रीतील भटकंतीची सवय असते आणि मुलांनाही ती लागावी अशी त्यांची इच्छा असते. मात्र या भटकंतीचा ऋतू आणि पावसाचा ऋतू बहुतांशी एकच असल्याने मुलांच्या अंगावर काय घालावे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उपस्थित होतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ओले झालेले मूल थंड वाऱ्यात बसून राहिले तर त्याच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि त्यासाठी हिमालयात जाण्याची आवश्यकता नसते. दुसरीकडे, महागडा रेनकोट घेतला म्हणजे पावसात कोठेही जाण्यास हरकत नाही, असा गैरसमजही आढळतो. त्यामुळे पावसाळी वस्त्रे नेमके कोणते काम करतात आणि कोणते करू शकत नाहीत, हे दोन्ही समजून घेणे अगत्याचे आहे.

शहरातला पाऊस आणि डोंगरावरचा पाऊस

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी एक हजार मिलिमीटरच्या थोडे आत असते. या पावसाचे वैशिष्ट्य असे की, तो मुंबई किंवा कोकणाप्रमाणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच सामावलेला नसतो. एप्रिल-मे महिन्यांत गडगडाटी पाऊस होतो, त्यानंतर नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो, सप्टेंबर महिन्यात पावसाचे प्रमाण सर्वाधिक असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळातही सरी कोसळतात. परिणामी शाळांच्या उन्हाळी शिबिरांपासून दसऱ्याच्या सुटीतील सहलींपर्यंत कोणत्याही वेळी पाऊस गाठू शकतो.

पश्चिम घाटाकडे सरकताच हे चित्र बदलते. शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे येथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे बंगळुरूत वर्षभरात पडणाऱ्या पावसाच्या सुमारे सातपट. कर्नाटकातील सर्वोच्च शिखर असलेले मुळ्ळय्यनगिरी सुमारे १,९३० मीटर उंच आहे. उंची एक हजार मीटरने वाढली की हवेचे तापमान साधारणपणे पाच ते सहा अंशांनी घटते. शहरात २० अंश सेल्सिअस असताना शिखरावर १४ ते १५ अंश तापमान असू शकते. त्यात धुके आणि मोकळ्या पठारावरचा सोसाट्याचा वारा यांची भर पडली की तेच तापमान अंगाला कितीतरी अधिक बोचते. शहरातील शाळेच्या बसथांब्यापर्यंत पुरेसा पडणारा रेनकोट तेथे अपुरा ठरतो, याचे कारण हेच आहे.

मुलांना थंडी लवकर का बाधते?

शरीर उष्णता गमावते ते त्वचेमधून आणि उष्णता साठवते ती शरीराच्या वस्तुमानात. लहान मुलांचे वजन कमी असते. पण त्या वजनाच्या तुलनेत त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढांपेक्षा अधिक असते. साहजिकच सारख्याच परिस्थितीत मूल लवकर गार पडते. कोरडी हवा उष्णतेची मंद वाहक असते, तर पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. ओला कपडा अंगाला चिकटला की त्वचा आणि बाहेरची हवा यांच्यामधला हवेचा उबदार थर नाहीसा होतो.

याहून मोठी हानी बाष्पीभवनामुळे होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. ओल्या सुती कपड्यांमधील केवळ १०० ग्रॅम पाणी वाऱ्याने सुकले, तर त्यासाठी २४० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. ही सर्व उष्णता शरीरातूनच घेतली गेली आणि शरीराने नवी उष्णता निर्माण केली नाही, असे क्षणभर गृहीत धरले, तर ६० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीचे तापमान सुमारे एक अंशाने उतरेल. परंतु २० किलो वजनाच्या मुलाचे तापमान तीन अंशांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून मिळते आणि चालताना शरीरही उष्णता निर्माण करीत असते, म्हणून इतकी घट होत नाही. तरीही प्रौढ आणि मूल यांच्यातील तिपटीचा फरक या हिशेबातून स्पष्ट होतो. सुती कपडे आणि जीन्स पावसाळी चढाईसाठी अयोग्य का मानले जातात, याचे उत्तरही त्यातच आहे. जीन्सचे जाड कापड शेकडो ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि सावकाश वाळते.

शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात हायपोथर्मिया असे म्हटले जाते. सतत थरथरणे, बोटांनी चेन किंवा नाडी हाताळता न येणे, चालताना अडखळणे, बोलणे अस्पष्ट होणे ही तिची प्रारंभीची लक्षणे होत. मूल एकाएकी गप्प होते, चिडचिड करते किंवा ‘मला इथेच बसायचे आहे’ असा हट्ट धरते, तेव्हा पालकांना तो थकवा वाटण्याची शक्यता असते. थरथर थांबली आणि मूल गुंगू लागले, तर प्रकृती सुधारली असे न समजता ती अधिक बिघडल्याचे लक्षण मानावे लागते.

इरले, घोंगडी आणि कंबळी

पावसापासून बचाव करण्याची साधने या प्रदेशाला नवीन नाहीत. कोकणात आणि मावळात भातलावणीच्या वेळी बांबूच्या कामट्यांवर पाने रचून केलेले इरले डोक्यापासून पाठीपर्यंत घेतले जात असे. कर्नाटकच्या मलेनाड भागातही याच धर्तीचे, ‘गोरबु’ या नावाने ओळखले जाणारे साधन वापरात होते. वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ कोरडी राहावी आणि पुढील बाजूने वारा खेळता राहावा, अशी त्याची रचना असे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी महाराष्ट्रात धनगर समाजाने आणि कंबळी कर्नाटकात कुरुब समाजाने विणली व वापरली. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतलेला मेंढपाळ दिवसभर पावसात उभा राहू शकतो. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकी आर्द्रता शोषूनही ओला भासत नाही आणि भिजल्यावरही हवा धरून ठेवतो, हे त्यामागील कारण आहे.

आधुनिक रेनकोटचा इतिहास १८२३ पासून सांगितला जातो. त्या वर्षी स्कॉटलंडचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसविण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. भारतात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ या उद्योगाची स्थापना केली. त्याची ‘डकबॅक’ ही मुद्रा असलेले रेनकोट आणि दप्तरे अनेक पिढ्यांच्या परिचयाची होती. रबराच्या कोटातून पाणी आत येत नसे. परंतु घामही बाहेर जात नसे. १९६९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनसारखा पदार्थ वेगाने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा तयार करण्याची पद्धत शोधून काढली. या पडद्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान. मात्र वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात. गिर्यारोहकांच्या ‘श्वास घेणाऱ्या’ जॅकेटांची सुरुवात येथून झाली.

बंगळुरूचा या व्यवसायाशी जवळचा संबंध आहे. तयार कपड्यांच्या उद्योगाचे हे देशातील एक प्रमुख केंद्र असून पीण्या, बोम्मनहळ्ळी आणि म्हैसूर रस्ता या भागांतील कारखान्यांतून परदेशी बाजारपेठांसाठी कपडे शिवले जातात. गिर्यारोहणाचे साहित्य तयार करणारी वाइल्डक्राफ्ट ही कंपनी याच शहरातील आहे. डेकॅथलॉन या फ्रेंच क्रीडासाहित्य कंपनीचे भारतातील मुख्यालयही येथेच असून तिचे देशातील पहिले दालन २००९ मध्ये सर्जापूर रस्त्यावर सुरू झाले. त्यामुळे मुलांच्या मापाची पावसाळी वस्त्रे येथे सहज उपलब्ध असतात. अडचण असते ती निवड करण्याची.

लेबलवरील शब्दांचा अर्थ

दुकानातील कपड्यांवर ‘वॉटर-रेपेलंट’, ‘वॉटर-रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ असे तीन शब्द आढळतात. पहिल्या प्रकारात कापडाच्या पृष्ठभागावर रासायनिक लेप असतो आणि त्यावरून थेंब ओघळून जातात. दुसऱ्या प्रकारचे कापड हलकी सर काही काळ सोसू शकते. तिसऱ्या प्रकारात कापडाच्या आतील बाजूस जलरोधक थर किंवा पडदा असतो. डोंगरावरील सततच्या पावसासाठी तिसरा प्रकारच उपयोगाचा ठरतो.

जलरोधकता मोजण्यासाठी कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून त्याचा दाब हळूहळू वाढविला जातो. किती मिलिमीटर उंचीच्या स्तंभाला कापडातून पाणी झिरपू लागते, हा आकडा लेबलवर दिलेला असतो. १,५०० मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंच पाण्याचा दाब. नुसत्या पडणाऱ्या पावसासाठी एवढे पुरेसे वाटते. परंतु पाठीवरच्या पिशवीचे पट्टे खांद्यावर दाबले जातात, मूल ओल्या दगडावर बसते, गुडघे टेकते. अशा ठिकाणी दाब बराच वाढतो. म्हणून दिवसभराच्या चढाईसाठी पाच हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक क्षमतेचे कापड घेणे श्रेयस्कर मानले जाते.

तथापि, केवळ या आकड्यावर विसंबून चालत नाही. चाचणी कापडाची होते, शिवणीची होत नाही. सुईने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येऊ शकते. त्यासाठी शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली असते. कोट उलटा करून खांदे, काखा आणि टोपीच्या जोडांवर ही पट्टी सलग आहे किंवा नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. चेनवर कापडी झडप असणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

वाफ बाहेर सोडण्याच्या क्षमतेबाबतही अपेक्षा मर्यादित ठेवाव्या लागतात. आतील हवा उबदार व दमट आणि बाहेरची हवा थंड व कोरडी असेल, तर वाफ पडद्यातून बाहेर जाते. पश्चिम घाटात जुलै महिन्यात बाहेरची हवाच आर्द्रतेने जवळजवळ संपृक्त असते. त्यामुळे थंड प्रदेशात उत्तम ठरलेले महागडे जॅकेट येथे आतून ओले होते आणि ते गळत असल्याचा समज होतो. आपल्याकडे पडद्यापेक्षा काखेखालील चेन, पाठीवरील झडपेखालची जाळी, सैल बाह्या अशा हवा खेळती ठेवणाऱ्या सोयी अधिक परिणामकारक ठरतात. इरल्याच्या रचनेत हेच तत्त्व होते.

मुलांसाठी निवड करताना

पाँचो, जॅकेट आणि पायजम्यासह असलेला पूर्ण रेनसूट हे तीन पर्याय बाजारात उपलब्ध आहेत. पाँचो स्वस्त असतो, त्याखाली पाठीवरची पिशवीही झाकली जाते आणि हवा खेळती राहते. सपाट वाटेवर तो सोयीचा आहे. परंतु वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, झुडपांत अडकतो आणि उतरताना मुलाला स्वतःची पावले दिसू देत नाही. उभ्या उतारावर, शिखरावरच्या वाऱ्यात किंवा खडकाळ वाटेवर लहान मुलांना पाँचो देणे टाळावे. तेथे जॅकेट आणि वेगळा पायजमा हा पर्याय अधिक सुरक्षित ठरतो.

मुले वाढतात म्हणून दोन मापे मोठा कोट घेण्याची सवय अनेक घरांत असते. आत एक उबदार कपडा बसावा इतपत सैलपणा आवश्यक आहे. परंतु बाह्या हातांवरून खाली लोंबत असतील तर मुलाला आधार घेता येत नाही आणि टोपी डोळ्यांवर येत असेल तर वाट दिसत नाही. डोके वळविल्यावर टोपीही वळली पाहिजे. टोपीला ओढून बांधण्याची नाडी असू नये. सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत टोपी व गळ्याजवळ नाडी नसावी, अशी तरतूद युरोपीय सुरक्षा मानकात आहे. अशी नाडी घसरगुंडीत किंवा वाहनाच्या दारात अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो. नाडीऐवजी इलॅस्टिक किंवा चिकटपट्टी असलेली टोपी निवडावी.

रंगाचा विचारही सुरक्षिततेच्या दृष्टीने करावा. धुक्यात हिरवा, करडा आणि निळा रंग दहा-पंधरा पावलांवर दिसेनासा होतो. केशरी, पिवळा किंवा लाल रंग दूरवरून ओळखता येतो. बरोबर एक शिटी दिल्यास चुकलेल्या मुलाला आवाज न घालवता आपला ठावठिकाणा कळविता येतो.

रेनकोटच्या आत काय घातले आहे, यावर त्याचा निम्मा उपयोग अवलंबून असतो. अंगालगत लवकर वाळणारा पॉलिएस्टरचा किंवा पातळ लोकरीचा कपडा आणि थांबण्याच्या वेळी घालण्यासाठी फ्लीसचा किंवा लोकरीचा स्वेटर, ही मांडणी सोयीची ठरते. मुले एका लयीत चालत नाहीत. ती धावतात, मग थांबतात, पुन्हा धावतात. चढताना सर्व कपडे अंगावर ठेवल्यास ती घामानेच भिजतात. म्हणून चढताना कपडे कमी करणे आणि थांबताच, गारवा जाणवण्याच्या आधी, स्वेटर घालणे हा क्रम पालकांनी पाळावा.

पायांसाठी गमबूट सर्वांत योग्य, असा समज आहे. चिखलात ते चांगले असतात; मात्र वरून पाणी शिरल्यास ते जड होतात आणि घोट्याला आधार देत नाहीत. बंगळुरूभोवतीचे डोंगर ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांचे आहेत. सावनदुर्गासारखे उघडे, गुळगुळीत कातळ ओले झाल्यावर आणि त्यांवर शेवाळ धरल्यावर अतिशय निसरडे होतात. तेथे खोल खाचांचा रबरी तळ असलेले बूट उपयोगी पडतात; तरीही पावसात अशा कातळावर मुलांना न नेणेच हिताचे. मलेनाडच्या जंगलात जळवांचा उपद्रव असतो. पायजम्याचे टोक मोज्यात खोचणे किंवा घट्ट विणीचे लांब मोजे घालणे हा त्यावरील साधा उपाय आहे. जळू चिकटलीच तर नखाने तिचे तोंड कातडीपासून बाजूला सारून ती काढावी आणि जखम स्वच्छ धुवावी.

लेपातील रसायनांचा प्रश्न

कापडावरून पाणी ओघळून जावे म्हणून दिल्या जाणाऱ्या लेपात अनेक वर्षे फ्लोरिनयुक्त संयुगांचा वापर होत आला आहे. पीफास या नावाने ओळखली जाणारी ही संयुगे निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत आणि पाण्यावाटे सर्वत्र पसरतात. त्यांपैकी पीएफओए या संयुगाचा २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस या संयुगाचा २०२२ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी-सूचीत समावेश करण्यात आला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून बहुतांश वस्त्रांमध्ये पीफासच्या वापरावर निर्बंध आले. फ्रान्सने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यान्वये १ जानेवारी २०२६ पासून अशा कपड्यांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली आहे. परदेशी बाजारपेठेसाठी कपडे शिवणाऱ्या बंगळुरूतील उद्योगालाही त्यामुळे या बदलाची दखल घ्यावी लागत आहे.

कोट अंगावर घातल्याने मुलाला तत्काळ अपाय होतो, असे नाही. चिंता आहे ती या संयुगांच्या दीर्घकालीन संचयाची. मेण आणि सिलिकोन यांवर आधारित पर्यायी लेप आता उपलब्ध असून तशा कपड्यांवर ‘फ्लोरिनमुक्त’ किंवा ‘पीएफसीमुक्त’ अशी नोंद असते. हे लेप तेलकट डागांना तितकेसे दाद देत नाहीत, पण पावसाचे पाणी रोखण्यास पुरेसे असतात. दीड-दोन वर्षांत लहान होणाऱ्या मुलांच्या कोटासाठी हा पर्याय समाधानकारक आहे.

निगा आणि घरच्या घरी चाचणी

नवा असताना ज्या कोटावरून थेंब मोत्यांसारखे घरंगळत होते, तोच कोट काही महिन्यांनी पाणी शोषू लागतो. बाहेरील कापड भिजले की कोट जड आणि गार होतो आणि आतील वाफेला बाहेर जाण्यास वाव उरत नाही. मळ, तेलकटपणा आणि कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश ही त्याची प्रमुख कारणे होत. कोट सौम्य द्रव साबणाने धुवावा, कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत आणि भरपूर पाण्याने खळबळावा. लेबलवर परवानगी असल्यास मंद उष्णता दिल्याने लेप पुन्हा कार्यक्षम होतो. ओला कोट घडी करून ठेवल्यास आतील थर सुटू लागतो आणि बुरशी धरते.

सहलीच्या आदल्या आठवड्यात मुलाला कोट घालून पाच मिनिटे शॉवरखाली उभे करावे. आत फिकट रंगाचा सुती सदरा घातल्यास पाणी कोठून शिरले ते लगेच दिसते. ही चाचणी बिनखर्चाची आहे आणि मुलांनाही ती आवडते. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेली वस्तू पहिल्याच सरीत झिरपल्यास पावती जपून ठेवलेल्या ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

मुक्कामाच्या शिबिरात

रात्रीचा मुक्काम असेल तर एक नियम सर्वांत महत्त्वाचा ठरतो. झोपण्याचे कपडे, मोजे आणि पांघरूण यांचा एक संच कोणत्याही परिस्थितीत कोरडा राहिला पाहिजे. पिशवीवर चढविण्याचे कव्हर पाठीकडच्या बाजूने पाणी रोखत नाही. त्याऐवजी पिशवीच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी ठेवून तिचे तोंड पीळ देऊन बांधणे अधिक भरवशाचे असते. दिवसा चालण्याचे कपडे भिजले तरी चालतील. रात्रीचा संच मात्र तंबूबाहेर निघता कामा नये.

तंबू दुहेरी असावा. बाहेरील आच्छादन आतील कापडाला चिकटू नये, यासाठी ते ताणून बांधावे. तळाची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर राहिल्यास तिच्यावर साचलेले पाणी थेट खाली शिरते. म्हणून ती आत दुमडावी. सकाळी आतील बाजूस दिसणारे थेंब बहुधा श्वासातील बाष्पाचे असतात. ते टाळण्यासाठी झरोके उघडे ठेवावे लागतात. पाऊस कितीही असला तरी तंबूत चूल, स्टोव्ह किंवा कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग वा गंध नसल्याने झोपेतच जीव जाण्याचा धोका असतो.

थंडीने गारठलेल्या मुलाला प्रथम वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके व मान झाकावी आणि पांघरुणात प्रौढ व्यक्तीच्या अंगाची ऊब द्यावी. मूल पूर्ण शुद्धीत असल्यास कोमट गोड पेय घोट-घोट पाजावे. हातपाय जोराने चोळू नयेत, शेकोटीच्या अगदी जवळ नेऊ नये. गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास विलंब न लावता ११२ क्रमांकावर मदत मागावी आणि रुग्णालय गाठावे.

वस्त्रे जेथे अपुरी पडतात

जून २०२४ च्या अखेरच्या दिवशी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या परिसरात पाण्याचा लोंढा वाढून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. मृतांमध्ये लहान मुलेही होती. डोंगरातील ओढ्याचे पाणी वरच्या भागात झालेल्या पावसाने काही मिनिटांत वाढते आणि त्या वेळी प्रवाहाजवळ ऊनही पडलेले असू शकते. अशा पाण्यासमोर कोणत्याही वस्त्राचा उपयोग नसतो. उलट पाण्याने भरलेला पाँचो किंवा गमबूट धोका वाढवितो. गुडघ्यापर्यंतच्या वेगवान प्रवाहात प्रौढ माणूसही तोल गमावतो. मुलांसह असा ओढा ओलांडू नये.

विजेच्या बाबतीतही तेच म्हणावे लागेल. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर महिन्यांतील दुपारच्या वादळात बंगळुरूभोवतीचे उघडे कातळमाथे विशेष धोक्याचे असतात. गडगडाट ऐकू येताच माथा सोडून खाली यावे, एकाकी झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल उपयोजनावर परिसरातील विजांची सूचना मिळते. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पावसाला ‘जोरदार’, ११५.६ मिलिमीटरपासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ असे संबोधतो. नारिंगी किंवा लाल इशारा असताना मुलांची डोंगरसहल पुढे ढकलणे हाच योग्य निर्णय होय.

कर्नाटकात डोंगरवाटांवरील गर्दीचा प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये तीव्रतेने पुढे आला. प्रजासत्ताक दिनाच्या सुटीत कुमार पर्वताच्या वाटेवर झालेल्या गर्दीनंतर राज्य शासनाने ऑनलाइन नोंदणीची सोय नसलेल्या वाटांवरील पदभ्रमण स्थगित केले आणि त्याच वर्षी वन विभागाने ‘अरण्य विहार’ या संकेतस्थळाद्वारे नोंदणीची व्यवस्था सुरू केली. अतिवृष्टीच्या काळात अनेक वाटा बंद ठेवल्या जातात, त्यामुळे निघण्यापूर्वी वाट खुली असल्याची खातरजमा करणे आवश्यक आहे.

शाळेच्या वा खासगी संस्थेच्या शिबिरास मुलाला पाठविणाऱ्या पालकांनी संयोजकांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. पावसाचा इशारा आल्यास सहल रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? वाटेत ओढे किती आहेत आणि परतीचा दुसरा मार्ग आहे काय? मुलांमागे प्रशिक्षित व्यक्ती किती असतील? कोरड्या कपड्यांचे जादा संच आणि पक्के छत असलेला निवारा जवळ आहे काय? ज्यांच्याकडे चांगला रेनकोट नाही अशा मुलांसाठी संस्थेने कोणती व्यवस्था केली आहे? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. गटातील एका मुलाच्या अंगावर फाटका रेनकोट असेल, तर संपूर्ण गटाच्या चालण्याची मर्यादा त्याच्यावरून ठरवावी लागते. इतरांचे कपडे कितीही उत्तम असले तरी परत फिरण्याची वेळ त्या मुलाच्या थरथरण्यावरून निश्चित झाली पाहिजे.

पावसात डोंगर पाहण्याचा आनंद मुलांना जरूर मिळावा. पानांवरचा पाऊस, धुक्यातून उघडणारी दरी आणि ओल्या मातीतील बेडकांचे आवाज हे वर्गात शिकविता येत नाही. योग्य मापाचा, पट्टी चिकटविलेल्या शिवणींचा, ठळक रंगाचा साधा कोट, लवकर वाळणारे कपडे, कोरडा राखीव संच आणि वेळीच परत फिरण्याची तयारी एवढ्या सामग्रीवर हा आनंद निर्धोकपणे घेता येतो. यांपैकी शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही. ती बरोबरच्या मोठ्या माणसांनीच घेऊन जावी लागते.